22 टक्के हात

अपघाताचं मला थोडंच आठवतं, ते आधी उरकून टाकते. 17 जानेवारी 2023, मंगळवार. संक्रांत होऊन दोनच दिवस झालेले, तिळगुळाचा डबा अजून ओट्यावरच. सव्वाअकराच्या सुमारास मी स्कुटीवर डबे घेऊन सिडको चौकातून जालना रोडनं विमानतळाच्या दिशेनं निघाले होते. पायाशी एक मोठी पिशवी, पुढच्या हुकाला दुसरी. मुकुंदवाडीच्या अलीकडं दुभाजकाच्या कटातून पलीकडच्या बाजूचा एक छोटा हत्ती टेम्पो एकदम वळला. मी उजव्या हातावर पडले. डोक्यावर हेल्मेट होतं. वरणाचे डबे रस्त्यावर सांडले आणि कुणीतरी ओरडत होतं, "बाईला पाणी द्या, पाणी!" बस, एवढंच.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लेट आणि सात स्क्रू बसले. औषधांसकट बिल झालं 1,46,200 रुपये.

मी छत्रपती संभाजीनगरात, पुंडलिकनगरला राहते आणि डबे देते. तेव्हा 34 डबे होते, त्यातल्या वीसेक डब्यांना ज्वारीची भाकरी. कंपनीत कामाला आलेली बीडची, परभणीची, जालन्याची पोरं. त्यांना चपातीनं पोट भरल्यासारखं वाटतच नाही. भाकरीचं हे सगळं सांगतेय, कारण पुढची अडीच वर्षं कोर्टात माझा दावा भाकरीवरच अडून बसला होता.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात माझा धाकटा दीर गाडीमालकाला घेऊन आला. "वहिनी, वीस हजार द्यायलेत, घेऊन टाका. कोर्टकचेरीत कशाला पडायलात?" ह्यांनाही ते पटलं होतं. मी गुंगीत होते, हो-नाही काहीच म्हणाले नाही. मग बिल पुढं आलं आणि वीस हजाराची गोष्ट आपोआप संपली. पण त्या घोळात सहा दिवस गेले. गुन्हा नोंदला 23 तारखेला, भादंवि 279, 337, 338, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून दुखापत. दवाखान्यानं पहिल्याच रात्री एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची अपघाताची नोंद, केली होती, तीच उपयोगाला आली, नाहीतर ह्याच गाडीनं ठोकलं हे सिद्ध करता करता नाकी नऊ आले असते.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ खाटेपाशी कार्ड ठेवून गेले. "सगळं आम्ही बघतो, ताई. खर्च शून्य. पैसे आले की पंचवीस टक्के." वकिलानं निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवायचा नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा नुसता राग आला. माझं मनगट मोडलंय आणि हा माणूस त्यातला पाव हिस्सा मागायला आलाय!

वकील मिळाल्या त्या अदालत रोडवर, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणातून. बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मला आमच्या जाऊबाईंनी सांगितलं, त्यांनी पोटगीच्या वेळी हे सगळं केलेलं. मला वाटलं होतं, फुकटचा वकील म्हणजे तारखा घेणारा वकील. तसं झालं नाही. मॅडमनी पहिल्याच भेटीत कॅलेंडर पुढं ओढलं. "अपघात 17 जानेवारीचा. कायद्यात 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आहे. आपण जूनमध्येच दाखल करायचं." मुदतीवर बोट ठेवून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश पुढं नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला, पण आमच्या वेळी डोक्यावर ती सहा महिन्यांची टांगती तलवार होतीच.

रस्ते दोन होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख. किंवा कलम 166 खाली दावा, ज्यात समोरच्याची चूक, माझी कमाई, माझं नुकसान, सगळं मी सिद्ध करायचं. ह्यांचं मत 164. मॅडमनी बिलाकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "दीड लाख तर दवाखान्यातच गेलेत. उरलेल्या लाखात तुमचा धंदा बसतो का?" आम्ही 166 केला.

पोलिसांनी स्वतःच अपघाताचा सविस्तर अहवाल तीन महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं पाठवायचा, असाही नियम आहे. नियम आहे म्हणून वाट बघत बसू नका, एवढंच सांगते. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, गाडीची आरसी, विमा पॉलिसी, चालकाचं लायसन, आरटीओचा तपासणी अहवाल, एकेका कागदासाठी ह्यांनी ठाण्यात अर्धा दिवस सुटी काढून चकरा मारल्या.

आणि पंचनाम्यात घोळ निघाला. त्यात लिहिलं होतं की मी विमानतळाकडून सिडकोकडं येत होते, आणि स्कुटी पडलेली दाखवली होती उत्तरेकडच्या रस्त्यावर. दोन्ही वाक्यं एकत्र वाचा: मी राँग साइडनं आले! लिहिणाऱ्याची नजरचूक असेल, पण विमा कंपनीच्या वकिलाला असलंच काहीतरी हवं असतं. माझ्या भाच्यानं त्या दिवशी मोबाइलवर काढलेल्या फोटोत स्कुटीचं तोंड आणि मागं सिडकोकडची पाटी दिसत होती. तो फोटो जोडून पुरवणी जबाब नोंदवून घेतला. मार्चमध्ये हे लक्षात आलं म्हणून निभावलं.

सगळ्यात जास्त दमवलं ते कमाईनं. पोरं पैसे फोनपेवर टाकायची, आणि तो नंबर ह्यांचा. म्हणजे बँकेच्या लेखी डबेवाले हे, मी कुणीच नाही. माझ्याकडं काय होतं? एक लांबट वही. पान डागाळलेलं, हळदीची बोटं उठलेली, "सुनील – 2 सुट्या – 140 वजा", "नवीन पोरगा, भाकरी जाड पाहिजे" असलं लिहिलेलं. वर किराणा दुकानदाराचं उधारीचं खातं, आणि साक्षीला तयार झालेली दोन पोरं. मॅडमनी ती वही तशीच दाखल केली. मी नवीन वहीत स्वच्छ उतरवून देते म्हटलं तर माझ्यावर ओरडल्या. "ह्या हळदीला हात लावायचा नाही!"

मग तारखा. नोटीस लागली, गाडीमालक आलाच नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी झालं. विमा कंपनीनं कैफियत दिली. त्यात सगळं होतं: अपघात माझ्याच चुकीनं, हुकाला पिशवी लटकवलेली, गुन्हा सहा दिवस उशिरा, आणि चालकाचं लायसन फक्त हलक्या वाहनाचं, मालवाहू गाडीची नोंद नाही, म्हणून कंपनी पैसे देणं लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मला भीतीदायक वाटला. असा प्रश्न तेव्हा सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांपुढं होता. 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल आला की साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. छोटा हत्ती त्यात कुठंही बसतो. मॅडमचा मेसेज संध्याकाळी आला, नुसते दोन हात जोडलेले.

त्याआधी राष्ट्रीय लोक अदालतीत नाव लागलं होतं. कंपनीचे अधिकारी नीट बोलले, खुर्ची दिली. म्हणाले, दोन लाख पंचवीस हजार, महिन्याभरात खात्यात. लोक अदालतीत ठरलं की अपील नाही, तंटा संपला. घरात लेकीची अकरावीची फी होती, ऑपरेशनला भावाकडून घेतलेले ऐंशी हजार होते. बाहेर पिंपळाखाली ह्यांचं माझं भांडण झालं, अगदी चहावाला बघायला लागला. "हातात आलेलं सोडू नको," हे म्हणत होते, आणि ते काही चुकीचं बोलत नव्हते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही त्या हातानं एक भाकरी करून दाखवा. आम्ही सही न करता घरी आलो. रात्री कुणी जेवलं नाही नीट.

आता हाताचं. मेडिकल बोर्डाचा दाखला मिळाला: उजव्या हाताचं कायमचं अपंगत्व 22 टक्के. (एफआयआरवर औरंगाबाद, दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, दोन शहरांत अपघात झाला की काय असं वाटावं.) कंपनीचं गणित असं की हे 22 टक्के एका हाताचे आहेत, पूर्ण शरीराचे धरले तर सातच टक्के. माझ्या डोक्यात ते बसेना. सात टक्के शरीर भाकरी थापतं का?

मॅडमनी तेव्हा 2010 चा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावला. डॉक्टर टक्के सांगतात ते अवयवाचे. त्यामुळं माणसाची कमवायची ताकद किती गेली, हे न्यायाधिकरणानं त्याचं काम बघून ठरवायचं. कारकुनाचा पाय आणि ड्रायव्हरचा पाय सारखा नाही. म्हणजे माझं काम न्यायाधीशांना दिसलं पाहिजे होतं, तेही कागदावर.

डॉक्टर दोन तारखांना आले नाहीत, तिसऱ्याला आले. त्यांनी सांगितलं की मनगट मागं वळणं निम्म्याहून कमी झालंय, पकड कमी आहे. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "घरकाम करू शकतात ना?" डॉक्टर म्हणाले, "हलकं करू शकतात." झालं, मला वाटलं बुडालं.

माझ्या उलटतपासाला वकील वहीची पानं उलटत होते. मग म्हणाले, "चपात्या लाटता येतात ना? लाटणं तर डाव्या हातानंही फिरतं." मी म्हटलं, लाटते, पण मागणी भाकरीला आहे. "मग भाकरीही करा की." तेव्हा न्यायाधीशांनी मान वर केली आणि मला सरळ विचारलं, "भाकरी कशी करता, सांगा."

कोर्टात असं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी सांगायला लागले. आधणाचं पाणी घालून पीठ मळायचं, तळहाताच्या टाचेनं, अंगाचा भार देऊन. मग परातीत कोरडं पीठ, त्यावर गोळा, आणि उजवा पंजा पसरून थापायची. मनगट मागं वळलेलं असतं तेव्हाच पंजा सपाट बसतो, आणि त्याच हातानं ती फिरतेही. बोलता बोलता मी हात वर करून दाखवला. डावा पूर्ण मागं गेला, उजवा अर्ध्यातच थांबला. न्यायाधीश टंकलेखकाला सांगत होते ते मी ऐकलं: साक्षीदाराने दोन्ही हातांची हालचाल करून दाखवली. पुढं वकिलांनी पिशवीचं विचारलं, गुन्हा उशिरा का नोंदवला ते विचारलं. मी दीर, वीस हजार, सगळं खरं सांगून टाकलं. मॅडमनी पुरावा संपल्याची पुरसीस, म्हणजे लेखी सूचना, दिली.

निकाल ऑगस्ट 2025 मध्ये लागला. चूक पूर्ण छोट्या हत्तीच्या चालकाची धरली. हुकाच्या पिशवीमुळं अपघात झाला असं दिसत नाही, असं लिहिलं. कमाई मी पंधरा हजार सांगितली होती, धरली बारा हजार. अपघाताच्या वेळी मी 38 वर्षांची, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवले आणि वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेला 15 चा गुणक लावला. झाले 30 लाख 24 हजार. त्यावर कमाईची हानी 20 टक्के धरली: 6,04,800. सात टक्के धरली असती तर हाच आकडा 2,11,680 झाला असता. दवाखान्याचं बिल, पाच महिन्यांची बुडालेली कमाई साठ हजार, वेदनेचे पन्नास हजार, सोबतीण-प्रवास-आहाराचे पंचवीस हजार, मिळून 8,86,000 आणि अर्ज दाखल केल्यापासून सात टक्के व्याज. माझी कमाई मात्र तीन हजारानं कमी धरली, ते मला अजूनही खुपतं. फोनपे माझ्या नंबरवर असतं तर?

कंपनीला अपिलाला नव्वद दिवस होते. तेवढे दिवस मी ई-कोर्ट्सचं ॲप रोज उघडायचे, औषध घेतल्यासारखं. अपील झालं नाही. डिसेंबरात रक्कम जमा झाली. व्याजावर टीडीएस कापला, पॅन दिलं होतं म्हणून दहाच टक्के. तीस टक्के रक्कम तीन वर्षांच्या मुदत ठेवीत टाकायचा आदेश होता, बाकी खात्यात. पहिले ऐंशी हजार भावाला गेले. मग पीठ मळायचं मशीन घेतलं. थापायला शेजारच्या आत्याबाई येतात, भाकरीमागं पैसे घेतात. डबे आता 26 आहेत आणि फोनपेचा नंबर माझा.

एक गोष्ट राहून गेली. प्लेट काढायला लागेल असं डॉक्टर आता म्हणतात. पुढच्या ऑपरेशनचा अंदाजी खर्च अर्जातच मागायचा असतो, डॉक्टरांच्या साक्षीत तो विचारून घ्यायचा असतो. आम्ही दोघीही विसरलो. एकदा भरपाई ठरली की पुन्हा त्याच हातासाठी मागता येत नाही.

गेल्या आठवड्यात पोलीस शिपाई दारात आला तेव्हा मी दचकलेच. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा चालतो, तो अजून सुरूच आहे, आणि त्यात साक्षीला माझं समन्स होतं. तारीख सोमवारची, वेळ अकराची, म्हणजे ऐन डब्यांच्या घाईची. वही पुन्हा कपाटातून काढलीय. त्या दिवशी भाकरी सकाळी सातला लावायला आत्याबाईंना सांगून ठेवलंय.