व्हेनिस ऐकताना

व्हेनिसच्या जुन्या शहरात मोटारी नाहीत, स्कूटर नाहीत, सायकलसुद्धा चालवू देत नाहीत. त्यामुळे पहाटे प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो. कालव्याचं पाणी पायऱ्यांवर आपटतं, कुणीतरी खिडकीची लाकडी झडप उघडतं, लांबून बोटीचं इंजिन. मग खडखड सुरू होते. चाकांच्या बॅगा! फरसबंदीवर खडखड आणि पुलाच्या पायरीपायरीवर धप्प.

मी उतरले होते त्या घराची मालकीण वरच्या मजल्यावर राहते. गल्ली इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. दगडविटांच्या या उंच भिंती आवाज शोषत नाहीत, एकमेकींवर आपटवत वर नेतात. दिवसाच्या गर्दीबद्दल बाईंची फारशी तक्रार नव्हती. झोप मोडते ती मध्यरात्रीनंतर पोचणाऱ्यांमुळे, दाराशी किल्ली शोधत मोठमोठ्याने बोलणाऱ्यांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची पातळी घराबाहेर सरासरी ४० डेसिबलपर्यंत असावी असं सुचवलं होतं. पण झोप सरासरीने मोडत नाही, एका धप्पनेही मोडते.

त्यांचं एक म्हणणं मला फार पटलं. पूर्वी कुणी गोंगाट केला तर कोण ते माहीत असायचं, सकाळी जाऊन बोलता यायचं. आता जुन्या शहरात ५० हजारांहून कमी लोक उरलेत, गल्लीतली कितीतरी घरं पर्यटकांना भाड्याने जातात आणि दर दोन दिवसांनी माणसं बदलतात. सांगायचं कुणाला?

आपण पाहुणेही यात गमावतोच. रिआल्तो पुलावर एक गाइड आवाज चढवतो, मग शेजारचा, मग ऐकणारे. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ मध्येच नोंदवलं होतं. पुलाखालून बोटी जाताना दिसत होत्या, त्यांचं पाणी मात्र ऐकू येत नव्हतं. महापालिकेने २०२४ पासून गटात जास्तीत जास्त २५ माणसं ठेवली आणि लाउडस्पीकरवर बंदी घातली, हे मला मनापासून योग्य वाटतं. शहर ऐकायलाच आलेल्यांनाही त्याचा फायदा आहे.

बाईंनी झोपायची खोली केव्हाच मागच्या बाजूला हलवली आहे. नियमांनंतर ती पुन्हा पुढे आणणार का, असं मी विचारलं. रात्रीच्या बॅगा थांबल्या तर आणेन, म्हणाल्या.