मंगळवारचे सात जण

बोस्टनला डिसेंबरात सव्वाचारलाच सूर्य मावळतो. आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" मी हो म्हणायची. कॉलेज सुटलं नव्हतं, मार्कही बरे होते, पण सकाळी अंथरुणातून उठणं जिवावर यायचं.

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात गेले. वाटलं, गोळ्या देतील. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुला अजून डिप्रेशन नाही, पण वाट तिकडेच जाते आहे. ग्रुपला ये." दर मंगळवारी दीड तास, आठ आठवडे. आम्ही सात विद्यार्थी आणि त्या.

नियम दोन. इथलं बोलणं इथंच राहील. आणि कुणी मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. दुसरा मला फार जड गेला. आपल्याकडे कुणी मन मोकळं करायला लागलं की आपण लगेच "टेन्शन नको घेऊ" म्हणून त्याचं तोंड बंद करतो. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा म्हणाला, परीक्षेआधी तो लायब्ररीच्या बाथरूममध्ये जाऊन रडतो. मीही तेच करत होते. तीन महिने वाटत होतं, हे फक्त माझंच आहे.

रोज रात्री वहीत लिहायचं: आज काय केलं, मन ० ते १० मध्ये किती. पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला विचार त्यामागे आहे. आवडीच्या गोष्टी सुटल्या की मन खचतं, आणि खचलेलं मन उरलेल्याही सोडायला लावतं. म्हणून मन लागायची वाट न बघता छोटं काम ठरवायचं. मी रविवारी तर्रीपोहे करून शेजारणीला बोलवायचं ठरवलं. त्या रात्री वहीत ७ लिहिले, पहिल्यांदाच.

याच शहरात १९०५ साली डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना दर आठवड्याला एकत्र बसवलं होतं. वही त्यांनाही लिहावी लागे. समूह उपचाराची सुरुवात तिथून मानतात.

मला राहून राहून नागपूरचं होस्टेल आठवतं. माझ्या रूममेटनं मेसला येणं सोडलं, तर आम्ही म्हणायचो, "अभ्यास करून राहिली." ती वर्ष अर्धवट टाकून यवतमाळला गेली. आम्ही चौघी मैत्रिणी होतो, एकीनंही विचारलं नाही. मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आपण अजून 'पागलखाना चौक' म्हणतो. तिथे मदत मागायला कोण आपणहून जाईल? अभ्यासिकांमध्ये गडचिरोली-गोंदियाची पोरं महिनोन्महिने शेजारी बसतात, एकमेकांशी न बोलता. त्यांना एक खोली आणि शिकलेला समुपदेशक मिळायला हवा, आजार होण्याआधीच.

जीव नकोसा झाला असेल तर मात्र ग्रुपची वाट पाहू नका. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. लगेच फोन करा.

नागपुरातल्या कुठल्या कॉलेजात कुणी असा ग्रुप सुरू करत असाल तर मला लिहा. आमच्या वहीचा नमुना मी मराठीत करून ठेवला आहे.