आयरिन पापास यांच्यासाठी तीन कॉलम

१४ सप्टेंबर २०२२ची संध्याकाळ. आंतरराष्ट्रीय पानाचा डमी लागून तयार होता. आदल्या दिवशी चित्रपट दिग्दर्शक गोदार गेले होते, त्यामुळे अर्धं पान त्यांचं, आणि वर राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीच्या बातम्या. तेवढ्यात वृत्तसंस्थेची ओळ आली: ग्रीक अभिनेत्री आयरिन पापास यांचं निधन.

"'झोर्बा'तली ती विधवा ना? सिंगल कॉलम घे, शंभर शब्द," आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले.

वृत्तसंस्थेच्या कॉपीतही तेच होतं. 'गन्स ऑफ नॅव्हरोन', 'झोर्बा द ग्रीक', संपलं. मला ते पटेना. 'झोर्बा'मध्ये त्यांच्या वाट्याला जेमतेम संवाद आहेत. गावकरी चर्चबाहेर तिला घेरतात तेव्हा ती नुसती बघते, आणि तेवढ्यानंच आपला जीव गोळा होतो. पण त्यांचं खरं राज्य होतं शोकांतिकांचं.

"सर, १९६२च्या 'इलेक्ट्रा'त त्या मुलगी आहेत. बापाच्या खुनाचा सूड म्हणून भावाकरवी आईला मारवणारी. आणि १९७७च्या 'इफिजेनिया'त त्याच घरातली आई, क्लायटेम्नेस्ट्रा. दिग्दर्शक तोच, काकोयानिस. पंधरा वर्षांत एका बाईनं त्या वैराच्या दोन्ही बाजू उभ्या केल्या!"

सर क्षणभर थांबले. "आईची बाजू कशी घेतली?"

मी शेवटचा प्रसंग सांगितला. नवऱ्यानं युद्धासाठी पोटच्या पोरीचा बळी दिलाय, वारा सुटलाय, जहाजं निघालीत. परतीच्या वाटेवर गाडीतून ती समुद्राकडे बघते. तोंडावर केस उडतायत, ती ते मागे सारत नाही. नवरा परतल्यावर ती काय करणार, हे त्या नजरेतच कळतं.

"तीन कॉलम. वीस मिनिटं," सर म्हणाले.

मग मी झपाट्यानं लिहीत सुटले. कॉरिंथजवळच्या खिलिओमोदी गावचा जन्म, अथेन्सच्या नाट्यशाळेतलं शिक्षण, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'मीडिया' या ग्रीक शोकांतिकेतली भूमिका. 'द ट्रोजन विमेन'मधली हेलन तर मी आवर्जून घेतली: आधी लाकडी फळ्यांच्या फटीतून फक्त डोळे दिसतात, आणि बाहेर कैदी बायका तहानेनं व्याकूळ असताना ती पाण्यानं अंग धुते. कॅथरिन हेपबर्न आणि व्हॅनेसा रेडग्रेव्ह समोर असूनही नजर हिच्यावरच खिळते. ग्रीसमधल्या १९६७च्या लष्करी उठावानंतर त्यांनी देशाबाहेर राहून हुकूमशहांविरुद्ध उघड आवाज उठवला, त्याच काळात कोस्ता-गाव्रास यांच्या 'झेड'मध्ये काम केलं. २००९मध्ये व्हेनिसचा जीवनगौरव 'गोल्डन लायन' मिळाला. ऑस्करचं मात्र साधं नामांकनही कधी नाही. ते वाक्य मी मुद्दाम ठेवलं. मला ते लाजिरवाणं वाटतं, त्यांच्यासाठी नव्हे.

फोटोवरून थोडी ओढाताण झाली. काळ्या ओढणीतला 'झोर्बा'चा फोटो सगळीकडे लागणारच होता. आम्ही कातरलेल्या केसांची इलेक्ट्रा लावली.

पान सोडताना शेवटचा परिच्छेद कापावा लागला. त्यात त्यांचं गाणं होतं. १९७९मध्ये ग्रीक संगीतकार व्हँगेलिस यांच्यासोबत त्यांनी 'ओड्स' हा अल्बम केला, त्यात बरीचशी ग्रीक लोकगीतं आहेत. पुढे १९८६मध्ये 'रॅप्सडीज' आला. व्हँगेलिसही २०२२च्याच मे महिन्यात गेले होते. ज्यांनी पापास यांना फक्त पडद्यावर पाहिलंय, त्यांनी 'ओड्स' जरूर ऐकावा.