तिकिटाच्या मागची बाकी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला गाडीत विचारतात, डेपोत विचारतात, रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या दारातही विचारतात. "ताई, लोक तोंडाला येईल ते बोलतात आणि तुम्ही शांत. राग येत नाही का?" गळ्यातला क्रूस दिसला की काही जण पुढे म्हणतात, "तुमच्यात दुसरा गाल पुढे करायचा असतो ना?"

राग येतो. मी नगर जिल्ह्यात एसटीची कंडक्टर आहे, अकरा वर्षं झाली. राग आला नाही असा आठवडा मला आठवत नाही.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. तेव्हापासून सुट्ट्या पैशांची भांडणं फार वाढली. मशीनवर क्यूआर आला आहे, पण वाडीवस्तीच्या रस्त्याला रेंज नसते आणि म्हाताऱ्या माणसांकडे तसला फोन नसतो. त्याच दिवसांत एका सकाळी गाडी गच्च भरलेली, तिकीट एकतीस रुपयांचं, आणि पन्नाशीच्या एका गृहस्थांनी पाचशेची नोट काढली. मी म्हटलं, "दादा, सुट्टे असले तर बघा." ते म्हणाले, "मग पिशवीत काय गोट्या घेऊन फिरतेस का?" आणि नोट माझ्या अंगावर टाकली. ती सीटखाली गेली. कोणीतरी हसलं. मी मशीन छातीशी धरून वाकले, चपलांमधून नोट उचलली. तेवढ्या वेळात कान नुसते तापले होते आणि जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं झोंबणारं.

माझ्या आईने लहानपणी एक स्तोत्र पाठ करून घेतलं होतं. त्यात दावीद राजा म्हणतो, परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या वाणीचं दार सांभाळ. कंडक्टर झाल्यावर मला ते खऱ्या अर्थाने समजलं. दार नीट लागलंय हे बघितल्याशिवाय मी डबल बेल देत नाही, घाईत कोणी कितीही ओरडलं तरी. तोंडाचंही तेच. त्या दिवशी वाकलेली असतानाच मी ती ओळ मनात म्हटली. उठून तिकीट दिलं, मागे बाकी लिहिली आणि म्हणाले, "उतरायच्या आधी देते, दादा. पण पुढच्या वेळी पैसे हातात द्या, टाकू नका."

माझं कौतुक करणारे हे शेवटचं वाक्य नेहमी विसरतात, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. गालाबद्दलचं वचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे आणि ते मी मानते. पण योहानाच्या अठराव्या अध्यायात खुद्द येशूला एक शिपाई चपराक मारतो तेव्हा येशू काय करतो, हेही वाचा. तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सांग, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? आवाज चढवत नाही, पण गप्पही बसत नाही. समोरच्याला माणूस समजून सरळ प्रश्न करतो. मला सहनशीलता म्हणजे हीच वाटते.

एकदा मागच्या सीटवर पालावरच्या एका बाईला दोघांनी उठवलं, "इथं बसायची तुझी लायकी का?" म्हणत. तिच्या कडेवर लेकरू होतं. मी ड्रायव्हरदादांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली, आणि ती परत त्याच सीटवर बसेपर्यंत बेल दिली नाही. माझ्या गालावरची मी सोडून देईन. दुसऱ्याच्या गालावर बसलेली सोडून देण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

लोक मला समजावतात की उद्धट माणसाच्या मनात काहीतरी दुःख असतं, म्हणून माफ करायचं. असतंही. सिव्हिल हॉस्पिटलमधून परतणारा माणूस मी ओळखते. बाजारातली कांद्याची हिशोबपट्टी घडी घालून खिशात ठेवलेला शेतकरीही ओळखते. त्यांच्या बोलण्याचं मला काही वाटत नाही. पण काहींना तसं काहीच दुःख नसतं, सवय असते. त्यांचं काय? वधस्तंभाखाली शिपाई येशूच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकत होते. हे बापा, त्यांना क्षमा कर, ते काय करतात हे त्यांना समजत नाही, असं तो म्हणाला. त्यांचं दुःख काय, हे त्याने आधी विचारलं नाही. मीही हल्ली कारण शोधत बसत नाही. तो माणूस उतरला की त्याच्यासाठी एका वाक्याची प्रार्थना करते. नाव माहीत नसतं, म्हणून थांब्याचं नाव घेते.

आमच्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत शब्द आहे तो ऋण. जसं आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड. दिवसभर तिकिटांमागे बाकी लिहिणाऱ्या बाईला हा शब्द कळायला वेळ लागत नाही. कोणी अपमान केला की त्याच्याकडे माझी बाकी राहते, ती मी घरी नेते, भाकरी थापताना काढते, रात्री परत मोजते. नवऱ्याला आणि पोरांना उगाच त्याचं व्याज भरावं लागतं. म्हणून संध्याकाळी डेपोत कॅश भरून झाली की मी बाकावर दोन मिनिटं बसते आणि तिथेच ती सोडून देते. कधी दोन मिनिटांत होतं, कधी चार दिवस लागतात.

आणि माझ्याकडेही बाकी आहे. काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात, डबल ड्यूटीच्या दिवशी, एका आजीने मला तिसऱ्यांदा विचारलं, "बाई, माझा फाटा आला का?" मी ओरडले, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" गाडी गप्प झाली. आजी म्हणाली, "चुकलं गं बाई." फाट्यावर ती खांबाला धरून सावकाश उतरली आणि चालू लागली. तिचे दहा रुपये माझ्याकडे होते, तिकिटामागे लिहून दिलेले. मागायला ती घाबरली असणार. हाक मारेपर्यंत मागच्या गाडीने हॉर्न लावला होता.

संध्याकाळी हिशोबात दहा रुपये जास्त निघाले, ते भरून टाकले. त्या गाडीवरची ड्यूटी अजून मला अधूनमधून लागते. फाटा आला की मी दारापाशी उभी राहते आणि चढणाऱ्यांचे चेहरे बघते.