उंबरठ्यावरून आत उतरणारं पाणी: हूड कॅनालमधल्या मोजणीचा अनुभव

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला हूड कॅनाल नावाने कालवा असला, तरी आहे ती हिमनदीने कोरलेली, फ्योर्डसारखी खाडी. आत खोली सुमारे १८० मीटर, तोंडाशी मात्र तळाचा उंबरठा जेमतेम ५० मीटरवर. त्यामुळे तळाचं पाणी महिनोन्‌महिने कोंडून राहतं आणि त्यातला ऑक्सिजन घटत जातो. उन्हाळ्यात उत्तरेच्या वाऱ्यांमुळे सागरकिनाऱ्याशी खोलातलं खारं पाणी वर येतं. ते उंबरठ्यापाशी आतल्या पाण्याहून जड ठरलं, तर आत उतरतं.

हे पाणी आत उतरलं का, ते पाहण्यासाठी मोजणीच्या तारखा आम्ही भांगाच्या भरतीला (पंधरवड्यातली कमी चढउताराची भरती) धरून ठरवतो. उधाणाच्या भरतीत उंबरठ्यावर वरचं गोडसर आणि खालचं खारं पाणी घुसळून निघतं आणि जडपणा तिथेच विरतो. भांगात घुसळण मंदावते, जड थर सलग आत सरकतो. महिन्यातून एकच फेरी, तीही उधाणाला, केली तर काही घडलंच नाही असं वाटेल.

सीटीडी (वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र) पाण्यात सोडला की काही मीटरवर दोन-तीन मिनिटं थांबवायचा. नळीतले बुडबुडे निघायला तेवढा वेळ लागतो. नदीच्या मुखाशी वरचं पाणी फारच गोडं असलं तर पंप सुरूच होत नाही, कारण तो वाहकतेवर, म्हणजे खारेपणामुळे पाण्यातून वीज किती वाहते त्यावर, सुरू होतो. तेव्हा आधी खाऱ्या थरापर्यंत न्यायचा, मग वर आणून मोजणी सुरू करायची. पुढे सेकंदाला अर्धा मीटर वेगाने खाली. क्षारता तापमान आणि वाहकतेवरून काढतात; घाई केली की त्यांचे सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत आणि आलेखात क्षारतेची खोटी टोकं उमटतात. नेमकी तिथेच, जिथे नव्या पाण्याची कड शोधायची असते! घनतेसाठी उतरतानाचीच नोंद घ्यावी. चढताना यंत्राचा सांगाडा स्वतःच पाणी ढवळतो.

१० अंशांच्या आसपास क्षारता १ ने (किलोमागे १ ग्रॅम क्षाराने) वाढली की पाण्याचं वजन घनमीटरमागे सुमारे ०.७८ किलो वाढतं. तापमान १ अंशाने वाढलं तर जेमतेम ०.१६ किलो घटतं. म्हणजे उंबरठ्यावरचं पाणी २ अंशांनी उबदार, पण त्याची क्षारता ०.५ ने जास्त असली, तरी किंचित जडच. नुसतं तापमान बघणारे इथे फसतात. मात्र एवढा निसटता फरक तळ गाठायला पुरत नाही. उतारावर ते पाणी आजूबाजूचं हलकं पाणी ओढून घेतं, मधल्याच खोलीवर पसरतं, आणि तळ जुनाच राहतो.

ऑक्सिजनच्या सेन्सरवर एकट्यावर मी विसंबत नाही. नमुने घेऊन विंकलर पद्धतीने (विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजण्याची रीत) पडताळते. नळी बाटलीच्या तळापर्यंत, दोन-तीन बाटल्या भरतील इतकं पाणी वाहू द्यायचं, एकही बुडबुडा नको. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कलीयुक्त आयोडाइड. ऑक्सिजन भरपूर असला तर तपकिरी साका बसतो, जवळजवळ नसलाच तर पांढुरका.

सगळ्यात जास्त चूक होते ती आकडे वाचताना. मधल्या खोलीवर ऑक्सिजन घटला की 'तिथे तो वापरला गेला' असं लगेच लिहू नये. क्षारताही त्याच वेळी वाढली असेल आणि दोन्ही आकडे गेल्या महिन्यात तळाला मिळालेल्या आकड्यांशी जुळत असतील, तर ते नव्या पाण्याने वर ढकललेलं जुनं पाणी आहे. त्यानंतर दक्षिणेचा वारा सुटला की वरचा थर उत्तरेला सरकतो आणि हे पाणी थेट पृष्ठभागाशी येतं. २००६ आणि २०१० च्या सप्टेंबरात हूड कॅनालमध्ये मासे मेले ते असेच. म्हणून ऑगस्टपासून दक्षिण टोकाला वरच्या २० मीटरची मोजणी आम्ही चुकवत नाही.