बाई, सगळ्याच बिया का?

नेरुळ, २३ नोव्हेंबर, रात्री

आज लेट्यूसला पहिलं खरं पान आलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन गुळगुळीत बीजपत्रांच्या मधून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी वर आलंय, कडेला किंचित दातेरी, अजून पुरतं उलगडलेलं नाही. ट्रेमध्ये सतरा रोपं आहेत. सकाळपासून चार वेळा मोजून झाली.

दीड महिना लागला याला. १० ऑक्टोबरला पहिल्यांदा पेरलं, तेव्हा शेजारच्या ट्रेमध्ये मेथी आणि मुळा होते. दोन्ही चौथ्या दिवशी माती उचलून वर. लेट्यूसचं बी मी त्यांच्यासारखंच बोटाच्या पेरभर खोल टाकलं होतं. पंधरा दिवसांनी उकरलं, तर बिया टाकल्या तशाच. दुसऱ्या वेळी मातीवर नुसत्या भुरभुरल्या. तीन कोंब आले. एका सकाळी तिन्ही बुंध्याशी काळे पडून आडवे झालेले. पाणी जास्त झालं होतं, मर लागली. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग पाकिटामागची बारीक अक्षरं नीट वाचली आणि हातातलं पाकीट तसंच राहिलं.

पंचवीस वर्षं मी मुलांना शिकवलं की बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते, प्रकाश लागत नाही. प्रयोगही करून घेतला, ओल्या कापसावर मूग, एक वाटी खिडकीत, एक कपाटात. दोन्हीकडे मोड. आपल्या घरात तर मटकी फडक्यात घट्ट बांधून अंधारातच ठेवतात, मग शंका कुणाला येणार? पण लेट्यूसचं बी मूग नव्हे. एका ग्रॅममध्ये आठशेच्या आसपास बसतं ते. एवढ्याशा बियाकडे शिदोरी ती किती! खोल मातीत रुजलं तर वर येण्याआधीच संपेल. म्हणून उजेड लागल्याशिवाय ते सहसा जागंच होत नाही. आणि तीस अंशांच्या वर गेलं की उजेडातही झोपून राहतं. आमच्या गॅलरीत ऑक्टोबरमध्ये दुपारी पस्तीस.

यातलं निम्मं मला माहीत होतं, हे जास्त लागलं. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्याच बियांवर आलटून पालटून लाल आणि दूरलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश टाकला. शेवटी लाल पडला तर बी रुजे, दूरलाल पडला तर थांबे. त्यातूनच पुढे फायटोक्रोमचा, म्हणजे वनस्पतींमधल्या प्रकाश ओळखणाऱ्या रंगद्रव्याचा, शोध लागला. बी.एस्सी.ला पाच मार्कांसाठी हे पाठ केलं होतं. ते बी मात्र तेव्हा कधी हातात घेतलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी बी ओल्या टिश्यूत गुंडाळून तीन दिवस फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलं. १२ नोव्हेंबरला कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणावर पसरलं, बोटाने हलकं दाबलं, माती घातली नाही. वरून जाळी, कारण कबुतरं काही ठेवत नाहीत. पाणी फक्त फवाऱ्याने. ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिथे दुपारचं ऊन येत नाही. चौथ्या दिवशी पांढऱ्या सुतासारखी मुळं दिसली.

सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. "प्रत्येक बियाची तऱ्हा निराळी, गं," म्हणाल्या, आणि कोथिंबिरीचे धणे चपलेखाली रगडायला बसल्या. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या व्हायला हव्यात. त्यांच्या माहेरी असंच करत.

आता रोपं खिडकीकडे कलायला लागलीत, रोज ट्रे फिरवावा लागतो. आणखी दोन पानं आली की कुंड्यांत हलवायची, वीतभर अंतर ठेवून. फेब्रुवारीच्या आत खाऊन संपवायला हवीत, नाहीतर उन्हाने दांडा वर येईल आणि पानं कडू होतील.

दिवसभर एक गोष्ट मनातून जात नाहीये. आठवीच्या एका वर्गात, मूग दाखवून झाल्यावर, खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली होती, "बाई, सगळ्याच बिया अंधारात रुजतात का?" मी "हो" म्हणाले आणि फळा पुसला. तिचं नाव आठवतंय. शाळेतल्या मैत्रिणीकडे तिचा नंबर असेल, उद्या विचारते. ट्रेचा फोटो काढून ठेवलाय.