पत्ता लपवायचा, तर कोड सोपा कामून?

नांदेड-लातूरकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांशी कर्नलविषयी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याविषयी, बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, कर्नलचा मेमरीतला पत्ता लपवायचाच आहे, तर कोड सोपा कामून करायचा? जितका किचकट तितका सुरक्षित की!" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून नीट सांगतो.

हा पत्ता रँडम ठेवायची सोय म्हणजे केएएसएलआर. ती लिनक्सच्या 3.14 आवृत्तीत, 2014 साली आली. मशीन चालू होताना कर्नल दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसतो, म्हणून कुठलं फंक्शन कुठे आहे हे हल्लेखोराला आधी कळत नाही. पण ती जागा निवडणारा कोड कुणीही वाचू शकतो. गुपित असतो तो त्या वेळी निघालेला रँडम आकडा. कोड किचकट ठेवला तर हल्लेखोर आणखी दोन दिवस बसेल. खरं अडतं ते तपासणाऱ्याचं.

त्यात हा कोड चालायची वेळ फार नाजूक. कर्नल अजून कॉम्प्रेस केलेलाच असतो, तेव्हा हा कोड चालतो. डीबगिंगची नेहमीची साधनं हाताशी नसतात. आकडा रँडम असल्यामुळे चूकही कधीतरीच दिसते. रोज बूट होणारं मशीन एके दिवशी काळ्या स्क्रीनवर थांबतं, पुन्हा चालू केलं की ठीक. असा बग धरायचा कसा? वैतागून माणूस केएएसएलआरच बंद करून टाकतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक हिशेब बघा. मोकळा तुकडा 64 एमबीचा, कर्नलला हवी 32 एमबी, आणि तो 2 एमबीच्या टप्प्यांवरच बसतो. उरलेल्या 32 ला 2 ने भागलं की 16, अधिक अगदी सुरुवातीची 1, म्हणजे 17 जागा. मध्येच इनिटआरडी (बूट होताना लागणाऱ्या फाइल्सचा मेमरीत ठेवलेला गठ्ठा) आलं तर तेवढा भाग टाळून अलीकडचा-पलीकडचा तुकडा वेगळा मोजायचा. एक्स86 च्या, म्हणजे इंटेल-एएमडी प्रोसेसरांसाठीच्या, कोडमध्ये चूक इथेच होती. अडथळ्याच्या अलीकडचा तुकडा बरोब्बर कर्नलएवढा असला तर तो सोडून दिला जायचा. 'त्याहून मोठा' अशी अट होती, 'तेवढा किंवा मोठा' हवी होती. 2020 च्या साफसफाईत ती सुधारली, त्याच वेळी काही फालतू तपासण्याही काढल्या.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर कर्नलच्या सोर्समध्ये एक्स86 च्या बूट फोल्डरातली केएएसएलआरची फाइल उघडा आणि मेमरीचे तुकडे पाडणाऱ्या फंक्शनपासून वाचायला घ्या. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.